तोर्फी आणि ऑडनीचा जबडा

माझा भाऊ तोर्फी दुष्ट नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्ही त्याला नावं ठेवाल, आणि त्याला नावं ठेवायचा हक्क माझा आहे. मी त्याची मोठी बहीण. हाल्बेरा माझं नाव, पण सगळा फ्योर्ड, म्हणजे डोंगरांमधल्या या खाडीकाठचं आमचं गाव, मला बेरा म्हणतो.

तोर्फी मेंढ्या पाळतो. उन्हाळा सरला, मेंढ्या डोंगरावरून खाली आल्या, कापाकापी झाली, की गावातले लोक मुंड्या त्याच्या शेडमध्ये आणून टाकतात. तो त्या गॅसच्या ज्योतीवर भाजतो, केस जाळतो, खरवडतो, करवतीने मधोमध चिरतो आणि ज्याच्या त्याला परत देतो. मग घरोघरी त्या उकडायच्या आणि सलगमाच्या भरताबरोबर खायच्या. गालाचं मांस आधी, डोळा शेवटी, असं आम्ही लहानपणापासून खात आलोय. त्याने लग्न केलं नाही. ते बरंच झालं म्हणायचं, कारण त्याची जीभ घरात ठेवून घेईल अशी बाई या किनाऱ्यावर जन्मली नव्हती.

त्या जिभेवरच त्याचं गावात वजन होतं. भर थंडीत, थोर्री महिन्यात, गावच्या हॉलमध्ये पंगत बसते. प्रत्येक घर आपली लाकडी परात घेऊन येतं. परातीत आंबवलेला शार्क, वाळलेली मासळी, मुंड्या, लोणी, राय धान्याचा काळा पाव. आणि खाणं अर्ध्यावर आलं की तोर्फी उभा राहायचा. वर्षभरात कुणी काय वेडेपणा केला ते सगळं तो साभिनय सांगायचा. कागद नाही, काही नाही, सगळं डोक्यात. पोहण्याच्या तलावाशेजारच्या गरम पाण्याच्या कुंडात बसून हा वर्षभर कान टवकारून ऐकत असतो, हे सगळ्यांना माहीत. तरी लोक तिथेच बोलायचे.

आमच्याकडे एकच नियम आहे. ज्याचं नाव निघेल त्याने सगळ्यांत मोठ्याने हसायचं. तोंड पाडलं तर तो गावाचा नाही. आणि ज्याचं नाव निघतच नाही, तो त्याहूनही परका होतो. एका वर्षी पोस्टातल्या बाईचं नाव राहिलं, तर ती कितीतरी दिवस तोर्फीची पत्रं मुद्दाम गठ्ठ्याच्या तळाशी ठेवायची. मला म्हणाली, "मी काय मेलेय का, बेरा?"

आता ऑडनी. ऑडनी सहकारी दुकानात गल्ल्यावर बसते. आमच्या शेजारच्याच घरात वाढली, तोर्फीच्याच वर्गात होती. चर्चमध्ये गायची, आणि हसायची तर अशी की दुकानातलं हसू खाली मासळीच्या धक्क्यावर ऐकू यायचं. तिचा नवरा सोल्वी बोटीवर असतो. तो म्हणायचा, "धुकं असलं तरी बंदर सापडतं मला. ऑडनी हसली की तिकडे वळायचं."

हीच ऑडनी हळूहळू गप्प झाली. गाण्याला येईना. वाळलेली मासळी सोडली, बटाटा कुस्करून खायला लागली. गल्ल्यावर एक हात कायम गालावर. पैसे द्यायला गेलं की ओठ न हलवता "थँक्स" म्हणायची. आम्ही काय केलं? विचारलं का तिला? छे! "कशी आहेस?" म्हटलं, "मजेत" म्हणाली, संपलं. आमच्याकडे एवढंच विचारतात. बाकीचं आम्ही कुंडात बसून ठरवलं. नाताळात एकटीने गायचा मान चर्चच्या ऑर्गनवाल्याने दुसरीला दिला, म्हणून ही फुगून बसलीय, असं ठरलं. कुणी ठरवलं विचाराल, तर मीच पहिल्यांदा म्हटलं असेन. मला आठवत नाही, आणि आठवून घ्यायचंही नाहीये.

खरी गोष्ट अशी होती की तिचा चेहरा दुखत होता. आधी कान दुखतो असं वाटलं. कानात काही निघालं नाही. मग दाढ दुखते असं वाटलं. शेजारच्या फ्योर्डमधल्या दंतवैद्याने दाढ उपटली, मग तिच्या शेजारची उपटली. दाढा गेल्या, दुखणं जागेवरच. तिने कुणाला सांगितलं नाही. चांगल्या दाढा फुकट उपटून घेतल्या म्हणून तिलाच स्वतःची लाज वाटत होती, हे तिने मला फार नंतर सांगितलं.

त्या वर्षीच्या पंगतीत तोर्फी उठला आणि त्याने लोकरीचा मफलर हनुवटीखालून घेऊन डोक्यावर गाठ मारून बांधला. नुसतं तेवढ्यानेच हॉल हसायला लागला.

"आपल्या गावात एक गायिका आहे," तो दात घट्ट आवळून म्हणाला. "ऑर्गनवाल्याशी तिचं असं बिनसलंय, असं बिनसलंय, की तोंड उघडलं तर सूर त्याला फुकट मिळेल म्हणून ती आता मिटल्या तोंडानेच गाते!"

आणि त्याने चर्चमधलं गाणं म्हटलं. दात आवळून, नाकातून, डोळे वटारून. अहाहा, काय हसलो आम्ही! माझ्या तर नाकातून ब्रँडी आली. सगळ्यांनी माना वळवून ऑडनीकडे बघितलं, कारण आता तिची पाळी. आणि ऑडनी हसली. नियमच तो. तिने तोंड उघडलं आणि पूर्वीसारखी मोठ्याने हसली. खरंच हसली.

आणि तिचं तोंड तसंच राहिलं.

जबडा निसटला होता. वर गेला नाही की मिटला नाही, पुढे येऊन अडकला. ती हात हलवायला लागली, गालाकडे बोट दाखवायला लागली. आम्हाला वाटलं, वा, ही पण नाटकात उतरली! तोर्फी तिच्या टेबलाजवळ गेला. मफलर तसाच. तिच्यासमोर उभा राहून त्यानेही तोंड तस्सं वासलं, तसेच हात हलवले, आणि हॉलकडे वळून ओरडला, "बघा, बघा! आता उघडलं तर मिटतच नाही!"

लोक टेबलं बडवायला लागले. ऑडनीच्या हनुवटीवरून लाळ गळत होती. सोल्वीने कोट तिच्या डोक्यावरून घातला आणि तिला बाहेर नेलं. तेव्हाही आम्ही काय म्हणालो? "रुसली बाई!"

घाटावर बर्फ पडलेला, रस्ता बंद. दवाखाना घाटापलीकडे. बर्फ काढणारी गाडी येईपर्यंत ती तशीच, तोंड उघडं, मोटारीत बसून राहिली. डॉक्टरने दोन्ही अंगठे तिच्या खालच्या दाढांवर ठेवले, जबडा खाली दाबून मागे ढकलला, तेव्हा तो जागेवर बसला. हे आम्हाला बर्फाच्या गाडीच्या ड्रायव्हरने सांगितलं, कुंडात बसून. तोर्फी गळ्यापर्यंत गरम पाण्यात होता. थोड्या वेळाने उठला आणि टॉवेलसुद्धा न घेता ओल्या अंगाने कपडे बदलायला निघून गेला.

त्यानंतर तो कुंडात आला नाही. दुकानातही जाईना. दूध आणायला घाट ओलांडून पलीकडच्या फ्योर्डमध्ये जायला लागला. मी म्हटलं, "अरे मूर्खा, लिटरभर दुधासाठी डोंगर चढतोस? समोर जा, माफ कर म्हण, मोकळा हो!"

"जातो की," तो म्हणायचा. आणि जायचाही. माझ्या खिडकीतून दिसायचं. तिच्या फाटकापर्यंत जायचा, फाटकाची कडी नीट बसलीय का बघितल्यासारखं करायचा आणि परत यायचा. मला त्याची दया यायची आणि रागही यायचा. राग जास्त. कारण आमच्या घराकडे बघून लोक आता मान खाली घालत होते. सगळेच हसले होते, पण लाज मात्र सगळ्यांनी मिळून आमच्या दारात आणून ठेवली होती.

मेंढ्या उतरल्या. मुंड्या आल्या. शेडमध्ये मी खरवडायला बसले होते, तोर्फी करवतीवर. दार उघडलं आणि ऑडनी आत आली. दर वर्षी सोल्वी यायचा, या वर्षी ही. हातात घमेलं.

तोर्फीने करवत थांबवली. दात आवळून उभा राहिला.

"अरे, असा काय बघतोस?" ऑडनी म्हणाली. आवाज बारीक, तोंड थोडंसंच उघडत होती, पण शब्द नीट. "आमच्या मुंड्या झाल्या की नाही?"

"झाल्या," तो म्हणाला.

"तुझा गाल बघ कसा टरारलाय," ती म्हणाली आणि सरळ पुढे येऊन तिने त्याच्या गालावर बोट ठेवलं. "इथे. दात सैल सोड. सोड म्हटलं ना! हं. आता आवळ. कळलं? हा स्नायू असा फुगतो. तुला काही शिकवायला नको, तू तर हाच खातोस दर वर्षी."

तिने बाकावरची अर्धी मुंडी ओढून घेतली आणि माझ्या हातातला सुरा घेतला. "राजधानीतल्या दवाखान्यात जबड्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला चित्रात दाखवलं. मी म्हटलं, बाई, चित्र कशाला, आमच्याकडे परात भरून असतात." तिने गालफडाच्या हाडापासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत सुऱ्याचं टोक फिरवलं. "हा जाड, चावायचा. सगळ्यांत ताकदवान. हा वर कानशिलावर पसरलाय पंख्यासारखा, तो जबडा वर ओढतो. डोकं दुखतं म्हणून गोळ्या खातो ना आपण, कधीकधी दुखत असतो हा." मग तिने मुंडी उलटी केली, आतल्या बाजूने. "आणि इथे आत, सांध्यापाशी, हा लहान. दिसतसुद्धा नाही. जबडा पुढे ओढतो, तोंड उघडतो. पंगतीत सांधा निसटला तेव्हा हे सगळे एकदम आखडले आणि सोडेनात. म्हणून मिटेना."

"आणि दाढा?" मी विचारलं.

"दाढा चांगल्या होत्या, बेरा. दुखत असावा हा." तिने त्या जाड मांसावर सुऱ्याचं पातं आपटलं. "दुखतो हा आणि वाटतं दाढ. मी दिवसभर गल्ल्यावर दात आवळून बसायचे, झोपेतही आवळायचे. त्या बाई म्हणाल्या, यानेच झालं असेल असं छातीठोक नाही सांगता येत, पण असू शकतं. गरम शेक, हलका व्यायाम, मऊ खाणं. आता बरीच बरी आहे. फक्त जांभई आली, हसू आलं, की हे असं." तिने मूठ वळून हनुवटीखाली धरली. "म्हणजे फार उघडत नाही आणि निसटत नाही."

तोर्फी ती मूठ बघत होता. आणि मग एकदम त्याचं तोंड सुटलं. "ऑडनी, मी थोर्रीच्या पंगतीत उभा राहतो. सगळ्यांसमोर माफी मागतो. गुडघ्यावर बसून मागतो. सगळ्यांनी ऐकलं पाहिजे की मी किती नीच—"

"खबरदार!" ती म्हणाली. "तू माफी मागशील आणि सगळा हॉल पुन्हा माझ्या तोंडाकडे बघेल. तुला हलकं वाटेल. मला?"

तोर्फी करवतीचं पातं फडक्याने पुसायला लागला.

"दुकानात लोक माझ्याशी कसे बोलतात माहीत आहे? हळू. आजारी माणसाशी बोलतात तसं. माझ्यासमोर कुणी विनोद करत नाही. परवा दोघं हसत आत आले, मला बघून गप्प झाले. गुन्हा केल्यासारखे! अरे, मला काय झालंय? जबडा निसटला होता, बस." तिने मुंडी बाकावर ठेवली. "मला माफी नको. या वर्षी माझं नाव घे. पोस्टातल्या बाईचं घेतोस, पाद्र्याचं घेतोस, तसं. जबड्यावरून नाही, दुसरं काहीतरी. मी काय कमी वेडेपणा करते? मी मूठ धरून बसेन आणि हसेन. मग सगळे सुटतील. मी पण, तू पण."

घमेलं उचलून ती गेली. तोर्फी म्हणाला, "घेतो." ती दारात होती, तिने ऐकलं. मीही ऐकलं.

आणि त्याच्याकडे गोष्ट होतीही. उन्हाळ्यात एक एडका कब्रस्तानात शिरला होता. ऑडनी नेमकी सकाळी नाइटगाऊनवर कचरा टाकायला बाहेर आलेली. तिने झाडू घेऊन त्याला कबरींमधून पिटाळला, आणि एडका धावला तो नेमका जर्मन पर्यटकांच्या घोळक्यात. पर्यटकांना वाटलं हा इथला जुना विधी आहे. एकीने तर टोपी काढून मान झुकवली. तोर्फीने हे माझ्या स्वयंपाकघरात करून दाखवलं, एडका पण तोच, ऑडनी पण तोच, जर्मन बाई पण तोच. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. मी म्हटलं, "हे बेस्ट आहे, तोर्फ्या. हे असंच कर. एक शब्द बदलू नकोस."

"वाईट नाही ना वाटणार तिला?"

"अरे, तिनेच मागितलंय! किती वेळा विचारशील?"

थोर्री आला. हॉल गच्च. ऑडनी आली, सोल्वीबरोबर, निळा स्वेटर घालून. ती आत आली तशी बडबड जरा खाली आली, मग लोक मुद्दाम मोठ्याने बोलायला लागले. तिच्या परातीत मुंडी होती, गालाचं मांस बारीक करून ठेवलेलं. तिने मला लांबून हात केला. मी पण केला.

तोर्फी उठला. सुरुवातीला जरा अडखळला, पण मग लागला सूर. पाद्र्याची दाढी, बंदरावरच्या क्रेनवाल्याचं प्रेमप्रकरण, आणि माझी तर अशी काही भंबेरी उडवली की काय सांगू. मी टेबल बडवून हसले. वर्ष महिन्यामागून महिना पुढे सरकत होतं. मे झाला. जून लागला. जूनच्या शेवटी एडका होता. मला माहीत होतं. ऑडनीलाही माहीत असावं, कारण जून सुरू झाला तसं तिने कोपर टेबलावर टेकवलं, मूठ वळली आणि हनुवटीखाली धरली. डोळे चमकत होते तिचे. तयार होऊन बसली होती बाई.

तोर्फीने तिच्याकडे बघितलं. त्याबरोबर सगळ्या हॉलने बघितलं. मूठ सगळ्यांना दिसली. एक हसू नाही, चमच्याचा आवाज नाही. त्या शांततेत माझ्या भावाच्या गालावर तो जाड स्नायू फुगलेला मला बसल्या जागेवरून दिसला. दात आवळले होते त्याने. मी मनात म्हणत होते, बोल रे, बोल, कब्रस्तान म्हण, एडका म्हण, काहीतरी म्हण!

"आणि ऑगस्टमध्ये," तोर्फी म्हणाला, "आपल्या पोस्टातल्या बाईने..."

लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. सगळा हॉल हसला, जरा जास्तच. पोस्टातली बाई सगळ्यांत मोठ्याने हसली. मी तोर्फीकडे बघितलंच नाही, माझा जीव जळत होता. मी ऑडनीकडे बघत होते. तिने मूठ लगेच काढली नाही. तिला वाटलं असावं, मागे वळेल, विसरला असेल, शेवटी ठेवलं असेल. त्याने सप्टेंबर केला, ऑक्टोबर केला, नाताळ केला. ती मूठ धरून बसली होती. आमच्या बाजूचे सगळे त्या मुठीकडे बघत होते आणि न बघितल्यासारखं करत होते.

मग तोर्फी वाकला, टाळ्या झाल्या, आणि ऑडनीने मूठ सोडून हात मांडीवर ठेवला.

निघताना ती आमच्या टेबलाशी आली. तोर्फी उठून उभा राहिला, बोलायला लागला, "ऑडनी, मी... ते लोक असे बघायला लागले, मला वाटलं तुला..."

"छान झाला कार्यक्रम," ती म्हणाली, हळू, तोंड जेमतेम उघडून. "थँक्स, तोर्फी." आणि तिने त्याच्याशी हात मिळवला. आम्ही आमच्यात हात मिळवत नाही. पाहुण्यांशी मिळवतो, नाहीतर अंत्यविधीला.

सोल्वीने तिचा कोट धरला, ती बाहेर गेली. तोर्फी अजून उभाच होता. त्याचा हात तसाच पुढे होता. मी तो धरून खाली केला आणि त्याला म्हटलं, "बस आता."